डाव्या हाताची शिवण

आबा, काल तुमची पत्र्याची ट्रंक उघडली. आई गेल्यापासून ती माळ्यावर पडून होती. घराला रंग द्यायला माणसं आली, म्हणून खाली काढावी लागली. आत दोन खाकी चड्ड्या, गोदीचा पितळी बिल्ला, तंबाखूची रिकामी डबी, आणि तळाला वर्तमानपत्राखाली एक चौघडी घातलेला कागद. मुंबईच्या दवाखान्याचा, इंग्रजीत. तुम्हाला तो वाचता येत नव्हता आणि आईला तर काहीच वाचता येत नव्हतं, म्हणून तो इतकी वर्षं तिथं सुखानं राहिला. मी चष्मा लावून दोनदा वाचला. त्यावरच्या तारखेकडे मी येतेच, पण आधी मला माझं सांगू द्या. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलंय, मधूनच सुरुवात केलेली मला खपत नाही.

तुमची गोदी मी एकदाच पाहिली. दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यात आईला आणि मला तुम्ही पंधरा दिवस मुंबईला नेलं होतं. तुमच्या खोलीत बारा जण राहायचे, कुणी कोकणातले, कुणी साताऱ्याकडचे, आपल्या जामखेडच्या बाजूचं तुमच्याशिवाय कुणी नाही. ते बिचारे आमच्यासाठी गॅलरीत झोपायला गेले. टोळीच्या मुकादमानं मला तासाभराचा पास काढून दिला. धक्क्याला जहाज लागलेलं आहे आणि मी मान वर करून बघतेय, तरी त्याचं टोक दिसत नाही. तुम्ही सांगताय, ते वर दिसतंय ना भोक, त्याला फाळका म्हणायचं, खाली जहाजाचं पोट हाय, आन त्या पोटात मान्सं उतरल्यात. परदेशातून आलेलं धान्य मोकळंच असायचं, पोत्यात नव्हे. क्रेन ते उपसून शेडमध्ये आणून ओतायची. शेडमध्ये आपल्या चावडीएवढा ढीग, आणि सगळीकडे अशी धूळ की समोरचा माणूस खोकल्यावरूनच ओळखायचा. ढिगाच्या पलीकडे पोती भरणारे, तोलणारे, आणि त्यांच्या पुढे ओळीनं बसलेले तुम्ही शिवणारे.

ओळीत तुम्ही कुठं बसलाय हे मला लांबूनच कळलं. बाकी सगळ्यांची कोपरं एका बाजूला हलत होती आणि तुमचं एकट्याचं दुसऱ्या बाजूला. तुम्ही डावरे. गावातही पेंडीचं पोतं असो की बाजरीचं, तुम्ही तोंड शिवलं की ओळखू यायचं. साऱ्या जगाचे टाके उजवीकडे कलायचे, तुमचे डावीकडे. आई त्यावरून तुम्हाला चिडवायची, "ह्यांचं पोतं चोरीला गेलं तर फौजदार लागायचा न्हाई." त्या दिवशी मुकादमही हसत म्हणाला, "तुझ्या बापाचं पोतं आम्हाला वेगळं ठेवावं लागतं." खरं होतं का ते? का लहान पोरीला बरं वाटावं म्हणून म्हणाला? निघताना तुम्ही मला एक दाभण दिलं, वीतभर लांब, टोकाशी थोडं वाकलेलं. दिवाळीत गावी आलात तेव्हा ते वापरायला शिकवलंत. मला काही जमेना, मी चिडून सुतळी ओढत सुटले, आणि तुम्ही माझ्या हातावर चापट मारली. "वढायची न्हाई सुतळी. बसवायची. वढलेली शिवण पयल्या ठोकरीला सुटती." तुम्ही मला मारलेली ती एकुलती एक चापट. फार लागली नव्हती, पण मी तास‌भर बोलले नव्हते, आठवतंय?

पुढच्या दिवाळीला दुष्काळ पुरता पसरला होता. तुम्ही चार दिवस येऊन गेलात आणि त्यानंतर काही नाही. कार्ड नाही, मनीऑर्डर नाही. संक्रांत गेली, माघ गेला. आई आणि मी पाझर तलावाच्या कामावर जायचो, ती खडी फोडायची आणि मी शाळा सुटली की पाट्या उचलायची. तिथं बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ फिरली की तुम्हाला मुंबईत दुसरं घर करून द्यायच्या. आईनं मुकादमाच्या पत्त्यावर गुरुजींकडून दोन कार्डं लिहून घेतली. उत्तर आलं नाही. मग शिमग्याच्या आधी बेलापूरचा मामा आला. मामा वाईट नव्हता. त्याच्याकडं कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, खायला होतं. तो म्हणाला, "आक्का, किती दिस वाट बघायची? चल घरी. पोरीचं बी बघितलंय म्या, देवळाली प्रवऱ्याचं चांगलं घर हाय." मी तेव्हा सातवीत होते. दुसऱ्या दिवशी आईनं भांडी एका चादरीत बांधायला घेतली, आणि मला कळलं की झालं, आता माझी शाळा गेली.

त्याच दिवशी सकाळी शाळेत मिलोचा ट्रक आला. परदेशातून गोदीत उतरलेली, रेशनची ती लाल ज्वारी शाळेच्याच एका खोलीत ठेवत, आणि वाटप गुरुजींकडे होतं. भाकरी थापली तर फाटायची आणि वासानं नको व्हायचं, तरी रांग लागायची. पोती उघडायचं काम माझं, कारण सुतळीचं कुठलं टोक ओढलं की सगळी शिवण सरसर उसवते ते तुम्ही मला दाखवलं होतं. प्रत्येक वेळी मी आधी सगळ्या पोत्यांची तोंडं बघायची. सगळे टाके उजवीकडे. त्या दिवशीही तेच. एका पोत्याचं तोंड ट्रकमध्ये सुटलं होतं. गुरुजी म्हणाले, "तुझ्याकडे दाभण आहे ना, शिवून टाक तेवढं," आणि रांग लावायला बाहेर गेले. मी दाभण घेऊन बसले. दोन टाके घातले, थांबले, उसवले, आणि दाभण डाव्या हातात घेतलं.

किती वेळ लागला म्हणता! दोनदा बोटात घुसलं. टाके कमीजास्त आले, पण डावीकडे कलले. शेवटी तुमच्यासारखे दोन कोपऱ्यांना उचलायला दोन कान बांधले, आणि पळत जाऊन आईला सांगितलं, "आबांचं पोतं आलंय." ती हातातलं टाकून आली, मागून मामा आला. आई पोत्यासमोर उकिडवी बसली आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवत गेली, शाळेतली पोरं अक्षरावर फिरवतात तसं. शेवटच्या टाक्याला ती थांबली आणि म्हणाली, "त्येंचीच हाय." मग मामाकडे न बघताच, "तू जा रं. त्ये कामावर हायेत. म्या न्हाई येत." गुरुजींना तिनं विनवलं की हे पोतं बुडाकडून उसवा, तोंड राहू द्या. रांगेच्या गडबडीत गुरुजींनी ते कुणी शिवलं हे काही विचारलं नाही. रिकामं पोतं घरी आणून तिनं खुंटीला टांगलं. मामा दुपारच्या गाडीनं गेला, माझी शाळा राहिली, आणि मी ते दाभण पडवीच्या आढ्यात खोचून ठेवलं.

वैशाखात तुम्ही आलात. दारात उभे, डाव्या हाताला मळकं फडकं गुंडाळलेलं, आणि त्यातून दोन बोटं कमी. क्रेनची साखळी सुटली, एवढंच सांगितलंत. आईनं पाणी दिलं, हात मांडीवर घेऊन बसली, रडून झालं. मग उठली आणि खुंटीवरचं पोतं काढून तुमच्यापुढं पसरलं. "ही शिवण तुमचीच न्हवं?" मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता मेले. तुम्ही पोत्याकडं पाहिलं, मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "माझीच हाय." आई म्हणाली, "शिमग्याला आलं ह्ये. मंग हात कवा गेला?" तुम्ही म्हणालात, "पाडवा झाल्यावर." "मंजी शिमग्याला हात धड हुता." "हुता." "मंग दोन वळी लिवाया काय झालं हुतं तुमाला? हितं जीव टांगनीला लागला आमचा." तुम्ही खाली बघून म्हणालात, "ऱ्हाऊन गेलं." दोन दिवसांनी आपण दोघंच ओट्यावर होतो. तुम्ही तंबाखू मळत, माझ्याकडं न बघता एवढंच म्हणालात, "सुतळी लई वढलीया." आणि उठून गेलात. त्यावर आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

आई मात्र बोलत राहिली. गोदीत तुमचं शिवणं गेलं, मुकादमानं शेड झाडायला लावलं, तेच तुम्ही शेवटपर्यंत केलंत. सुट्टीत आलात की चौथ्या दिवशी ठरलेलं, भाकरी वाढता वाढता, "हात धड हुता तवा दोन वळी धाडल्या न्हाईत ह्येंनी." पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर. तुम्ही हसायचात. आणि आबा, मीसुद्धा बोलले. मला नोकरी लागली त्या वर्षी, कशावरून तरी वाद झाला आणि मी म्हटलं, "आई खडी फोडत होती तिकडं, आणि तुम्हाला एक कार्ड टाकवलं नाही." माझं खोटं तुम्ही झाकलंत हे मला माहीत होतं, तरी म्हटलं. कारण मला वाटत होतं, तुम्ही एकच खोटं बोललात. तुम्ही तेव्हाही म्हणालात, "ऱ्हाऊन गेलं, बाय."

कागदावर बोटं कापल्याची तारीख संक्रांतीच्या आधीची आहे. म्हणजे शिमग्याच्या कितीतरी आधीच तुमची बोटं गेली होती, ज्या हातानं लिहायचात तोच हात बांधलेला. मुकादमाकडं गेलेली आईची कार्डं तुमच्यापर्यंत आलीही नसतील. दुसऱ्या कुणाकडून लिहून का घेतलं नाहीत ते मला अजून कळत नाही. आई सगळं सोडून मुंबईला येईल ही भीती असेल, किंवा हात गेलेला माणूस म्हणून घरात कळायला नको वाटलं असेल. पण आल्या दिवशीच, पोतं बघून, एका क्षणात तुम्ही आपल्या हाताची तारीख पुढं ढकललीत आणि आईचा जन्मभराचा राग अंगावर घेतलात, तेरा वर्षांच्या पोरीचं खोटं उघडं पडू नये म्हणून. आईच्या शेवटच्या दुखण्यात मी दीड महिना तिच्या उशाशी होते. ती तेव्हाही एकदा तेच म्हणाली. तेव्हा तारीख ठाऊक नसली, तरी शिवण माझी होती हे तर ठाऊक होतं. मी गप्प बसले. शिवणीचं सांगितलं असतं तर हाताचं ती स्वतःच जुळवत गेली असती, इतकी हुशार होती, आणि तुमच्यावरचा राग सोबत घेऊन गेली नसती.

हे लिहून झालं की कागद ट्रंकेतच ठेवणार आहे, दवाखान्याच्या कागदासोबत. रंगारी उद्या माळा पुसायला मागताहेत. एक तेवढं राहिलं. सुतळी ओढली गेली होती हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण का ते तुम्हाला कळलं असेल का याची मला काल रात्रीपासून धास्ती आहे. डावा हात सवयीचा नव्हता म्हणून नाही, आबा. मी चिडले होते. पोत्यापाशी बसले तेव्हा आई, भांडी बांधतानाही, तुमची वाट बघत होती. मी बघायची सोडून दिली होती.