सरकारांसाठी राखलेल्या खोलीबाबत

मी लक्ष्मण जयवंतराव दळवी, वय ७६, शिक्षण सातवी, कारखान्यातला निवृत्त फिटर, राहणार निजामपुरा, बडोदे. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी धमकावलेले नाही. छातीत धडधडते, पण ते नेहमीचेच. मागे भांडण नको म्हणून हे मृत्युपत्र लिहितो. आधीचे एखादे निघालेच तर खोटे समजावे.

१. निजामपुऱ्याचे घर व बँकेतली शिल्लक मुलगा पीयूष याला. हत्यारांची पेटीही त्यालाच. तो गंज चढू देणार, हे ठाऊक असून देतो.

२. करजणजवळची कोठी माझ्या एकट्याच्या नावावर आहे. आतेभाऊ प्रतापसिंहराव याने तिच्या सागवानी तुळया न विचारता नेल्या. त्याचा हक्क नव्हता व नाही. मी कोर्टात गेलो नाही, थकलो होतो.

३. कोठीची हकीकत, पुढे कोणी वेगळे सांगू नये म्हणून. आजोबा पिलाजीराव संस्थानात अमलदार होते. सरकार, म्हणजे बडोद्याचे महाराज, शिकारीला येतील, मुक्काम करतील, असे त्यांना कोणीतरी सांगितले. त्यांनी शेतात एवढी मोठी कोठी उठवली. सरकार आले नाहीत. तरी पूर्वेची खोली पलंगासकट त्यांच्यासाठी राखली. संस्थान विलीन झाले, तरी वडील दुरुस्ती करीत ती त्याच खोलीची. बाकी छप्पर गळायचे. माझी पत्नी कै. कमला लग्न होऊन आली ती धान्याच्या कोठारात झोपली. म्हणायची, "न आलेल्या पाहुण्याला पलंग आणि आलेल्या सुनेला पोती!" आता सगळे पडले, ती खोली तेवढी उभी आहे.

४. माझी विधवा बहीण कौशल्या तिथेच मोडक्या स्वयंपाकघरात राहते. गेल्या पावसात तिच्या अंथरुणाशेजारची भिंत खचली. पीयूष म्हणतो, "बाबा, काढी नाखा आता, विकून टाका. फार्महाऊसवाला रोज फोन करतो. आत्याला इकडे आणू." ती येत नाही, शहरात तिचा जीव घाबरतो. म्हणून ती खोली, पलंग व विहिरीची वाट हयातीपर्यंत तिची. तोवर कोठी विकू नये. नंतर पीयूषने काय ते करावे.

५. एकच काळजी आहे. तिला हे सांगितले तर म्हणाली, "दादा, सरकारांच्या पलंगावर मी? पाप लागेल."
"सरकार कुठले आता?"
"तरी राखलेला आहे ना!"
नुसत्या कागदाने ती आत पाऊल टाकणार नाही. म्हणून सह्या झाल्या की मी करजणची बस धरणार, कुलूप तोडणार आणि पाय न धुता त्या पलंगावर झोपणार. एकदा कोणी झोपले की तो राखलेला राहत नाही. मग तिला अंथरूण घालता येईल.

सही: ल. ज. दळवी

साक्षीदार: विश्राम गणपत शेलार, श्रीकृष्ण वामन टिळेकर. आमच्यासमोर वाचून सही केली. घाई त्यांचीच होती.

बडोदे, ता. ९ फेब्रुवारी १९९८