गिरगावात विहीर शोधण्याबद्दल

गुरुजी, तुमच्यावर मला एक फिर्याद गुदरायची आहे, आणि ती पेलाभर पाण्याबद्दल आहे. हसू नका. जिवंतपणी तुम्ही हसत नव्हताच म्हणा, पण मेल्यावर माणसाच्या सवयी बदलत असतील तर आधी सांगून ठेवलेलं बरं. वादी मी: वय अठ्ठेचाळीस, लोणावळ्याच्या शाळेत संस्कृतचा मास्तर, तुमच्या इंदुरीच्या पाठशाळेत नऊ वर्षं घासून निघालेला. प्रतिवादी तुम्ही: बावीस वर्षांपूर्वी इंद्रायणीच्या काठी जळून गेलेले, म्हणजे समन्स बजावण्याच्या पलीकडचे. गुन्हा असा, की गेल्या मंगळवारी मुंबईत मला उभ्या जन्मात पहिल्यांदा चार तास मोकळे मिळाले होते, आणि ते चारही तास तुम्ही खाल्लेत.

मुंबईला मी डोळे दाखवायला गेलो होतो. वर्षभर असं होतंय की समोरचं दिसतं आणि कडेचं नाहीसं होतं. वर्गात दारापाशी बसणारी मुलं मला रोज गैरहजर वाटतात. मागच्या महिन्यात तिन्हीसांजेला तुंगार्लीच्या रस्त्यानं येताना एका म्हशीवर आदळलो आणि तिची रीतसर माफी मागितली, कारण मला ते आमचे हेडमास्तर वाटले. गिरगावातल्या डॉक्टरांनी सकाळी तपासलं, बाहुल्या मोठ्या करण्यासाठी थेंब घातले आणि म्हणाले, "चार वाजता या. माझ्याहून मोठे डॉक्टर येतात. त्यांनी पाहिलं की सांगू." ज्याला काही झालेलं नसतं त्याला कोणी चार वाजता या म्हणत नाही, एवढा तर्क तुम्ही मला शिकवला होता. म्हणून जिना उतरता उतरता मी ठरवलं की हे बघणं शेवटचं असेल तर नीट निवडून बघावं. चौपाटीवर जाऊन समुद्र बघायचा. दोन मजली ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. बाकी काही करायचं नाही, कोणाला काही शिकवायचं नाही, कोणाची चूक काढायची नाही. दुपारचे बारा वाजले होते आणि मला तहान लागली होती.

पाण्याची सोय मी केली नव्हती असं नाही. तुम्ही निरोप देताना दिलेला पितळी गडू सोबत होता. "यापुढे कोणाच्या दारी ओंजळ धरू नकोस," असं म्हणून दिला होतात. तेव्हा मला तो प्रसाद वाटला होता. तो माझ्या गळ्यातला दोर होता हे कळायला पंचवीस वर्षं गेली. सकाळी बायकोने तो भरून दिला होता. ती फडक्याने तोंड बांधत होती, मी तिच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः बांधला. "तुला एक गाठ मारता येत नाही," असंही म्हणालो. मग ती म्हणाली, "मी येऊ का बरोबर? गर्दीत कोणी हाताला असलेलं बरं." मी म्हणालो, "मी मुंबईला चाललोय, आंधळ्यांच्या यात्रेला नव्हे." गाठ मी मारलेली होती, त्यामुळे कर्जत येण्याआधीच गडू माझ्या मांडीवर रिकामा झाला आणि समोरच्या बाकावरच्या मारवाड्याने सभ्यपणे पाय वर घेतले.

तर गिरगावच्या रस्त्यात एक नळ होता. स्वच्छ, चकचकीत, त्याच्याखाली एक बाई कळशी भरत होती आणि तिच्यामागे कोणीच नव्हतं. ती गेली. मी पुढे झालो, ओंजळही धरली. आणि तुम्ही बोललात.

तळेगाव स्टेशन. मी बारा वर्षांचा. खंडाळ्याच्या यजमानांकडचा अभिषेक आटोपून आपण आठ जण परत येतो आहोत, वैशाखाचं ऊन आहे, पहाटेपासून पोटात काही नाही. फलाटाच्या टोकाला नळ आहे. मी ओंजळ लावतो आणि पितो, आणि ते पाणी इतकं गोड लागतं की मी डोळे मिटतो. उघडतो तेव्हा तुम्ही समोर. तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी केव्हाच विसरलो असतो. तुम्ही बाकीच्या सात जणांकडे वळून म्हणालात, "हा इंजिनाचं पाणी प्याला. उद्या कोळसा मागेल, परवा शिट्टी वाजवेल." नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, एवढं कारण. तुमच्या पायातला जोडा कशाचा होता, हे विचारण्याची छाती आमच्यापैकी कोणाची नव्हती. मग गोमूत्र, उपास, आणि आठ दिवस उंबऱ्याबाहेर. आत संथा चालली आहे, बाहेर मी ओठ हलवतो आहे, आणि ते पाहून तुम्ही आवाज खाली आणता, मला ऐकू येऊ नये इतका. ते आवाज खाली आणणं मी तुम्हाला आजही क्षमा केलेलं नाही. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्यापासून विद्या झाकून धरावी, असलं झाकणं मी त्यानंतर फक्त सावकारांत पाहिलं, आणि ते निदान पैसा झाकतात, विद्या नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, इंग्रजी शाळेत नोकरी करतोस, चहा पितोस, शेंडीची बोटभर दोरी करून ठेवली आहेस, मग नळ का चालत नाही? हाच तर माझा मुद्दा आहे. मी त्यातलं काही मानत नाही. वर्गात मुलांना सांगतो की नळाचं पाणी विहिरीपेक्षा शुद्ध. लोणावळ्यात आमच्या परसात विहीर आहे म्हणून प्रश्न आला नाही, इतकंच. पण त्या दिवशी ओंजळ नळाखाली होती, तोटी माझ्या हाताशी होती, आणि मला ती फिरवता आली नाही. मी हात झटकून मागे झालो आणि, गुरुजी, ज्याचे डोळे चार वाजता तोलले जाणार होते असा शहाणासुरता माणूस भर मुंबईत विहीर शोधायला निघाला.

एका खाणावळीत विचारलं, तर माठ नळावरच भरलेला. दुसरीत तेच, वर "पुण्याचे का?" अशी चौकशी. थेंबांमुळे उन्हाच्या सुया डोळ्यांत जात होत्या, दुकानांवरच्या पाट्या तेवढ्या पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या, आणि कडेनं येणारी प्रत्येक हातगाडी मला लागल्यावरच कळत होती. तिसऱ्या गाडीच्या हमालाने ती थांबवली.

"काय हुडकताय, भटजी?"

"विहीर."

"इहीर?" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जीव द्यायचा हाय का काय?"

"प्यायला पाणी हवंय."

"मंग त्यो नळ काय चावतोय?" मी नळाकडे पाठ केली. तो समजला. असल्या माणसांना मुंबईत राहून पुष्कळ भटजी समजलेले असतात. "गाव कंचं म्हनायचं?"

"लोणावळा."

"आरं तिच्या! म्हंजी आपल्याकडलंच की, भाऊ. मी आंदर मावळातला." त्याने गाडी सोडून खांद्याच्या फडक्याने तोंड पुसलं, आणि आता गावाकडल्या चार गोष्टी निघणार असं मला वाटलं. तो म्हणाला, "आमच्या गावाला चला. लय पानी हाय. माज्या बाच्या घरावर चाळीस हात पानी उभं हाय, धरणाचं. त्येला तोटी न्हाई, चामडं न्हाई. प्या हवं तेवढं." मग वर विजेच्या तारेकडे हनुवटी केली. "त्या पान्यावर हितं दिवं लागत्यात. आमी गेलो वाहून, आन तुमी हितं तान्हेलं. मज्जाच हाय." त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो माझ्यावर होता, आणि मी त्याचं धरण बांधलं नव्हतं, तरी मला तो उगाच आहे असं वाटलं नाही. पाण्याच्या बाबतीत नखरे करणारा माणूस त्याने बहुतेक वर्षभर शोधला असेल. जाताना मात्र म्हणाला, "हितल्या इहिरी डासापायी बुजवल्या समद्या. फुडल्या गल्लीत देवळात एक ऱ्हायली आसंल, बगा."

होती. विहिरीवर लोखंडी पत्र्याचं झाकण आणि त्यातून वर आलेला हातपंप. अडीच वाजून गेले होते. मी दांडा धरला, एकदा खाली दाबला, आतून घरघर आली, आणि मला खरोखर रडू येईल असं वाटलं. देवळाची झाडलोट करणारी म्हातारी पायरीवर वाती वळत बसली होती. तिने विचारलं, "नळ सोडून इथं आलात ते चामड्यासाठी ना?"

"हो."

"मग याच्या पोटात काय रेशीम आहे? चामड्याचाच दट्ट्या असतो त्यात. मागच्या महिन्यात फाटला, मोची बोलवावा लागला." आणि वात वळता वळता, "दाबा की. थांबलात का?"

मी दांडा सोडला. तिथे बसलोही नाही. बसलो असतो तर तिने आणखी काही सांगितलं असतं. चौपाटी गाठली तेव्हा तीन केव्हाच वाजून गेले होते. समुद्राच्या जागी पांढऱ्या उजेडाची एक भिंत होती. हाताची झापड करून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, पाठ फिरवून खांद्यावरून पाहिलं. लाटांचा आवाज येत होता, ओल्या वाळूचा वास येत होता, मुलं ओरडत होती, आणि बघायचं ते दिसत नव्हतं. बारा वाजता थेट आलो असतो तरी थेंब डोळ्यांत होतेच, हे मला कळतं. तुम्ही न्यायबुद्धीने वागला असता तर मीही हा मुद्दा तुमच्या बाजूने मांडला असता. पण ट्राम तरी मिळाली असती. सावलीत बसून एका अनोळखी शहराचा आवाज ऐकत चार तास काढता आले असते, तुमचा न ऐकता.

चार वाजता मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. माणूस स्पष्ट बोलणारा होता. म्हणाले, "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे मागच्या पडद्याचं दुखणं आहे. याला शस्त्र नाही, औषध नाही. दोन वर्षं धरा. तीन मिळाली तर नशीब." मी विचारलं, "पूर्ण?" ते म्हणाले, "बहुतेक." मग मी उगाचच त्यांचे आभार मानले. कंपाउंडरने माझ्या हातात काहीतरी दिलं, मी ते परत दिलं, जिना उतरलो, बोरीबंदर गाठलं, गाडीत बसलो. कर्जतला पाणीवाला "पाणी, पाणी" करत खिडकीशी आला तेव्हा लक्षात आलं की मला तहानच नव्हती. मग आठवलं. कंपाउंडरने दिला होता तो काचेचा पेला होता, त्याच्यामागे भिंतीत नळ होता, आणि मी तो एका दमात रिकामा केला होता. चव आठवत नाही. तुम्ही काही बोललात की काय तेही आठवत नाही. बहुधा त्या खोलीत यायची तुमची हिंमत झाली नसेल.

आज रविवार. हे लिहायला मोठी अक्षरं काढावी लागत आहेत आणि ओळी एकमेकींवर चढत आहेत. तुम्ही पाहिलं असतंत तर पाटी फेकली असतीत. पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, टाकायचं नाहीच. स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडते आहे. मंगळवारी दारात पाऊल टाकताच तिने विचारलं होतं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर बदललाय."

"एवढंच ना?"

"एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?"

ती आत गेली. त्यानंतर तिने विचारलेलं नाही. तिला कळलं असेल असं मला वाटतं, कारण कालपासून वाटेतला पाट ती उचलून भिंतीशी ठेवते.

फिर्याद इथे संपली, गुरुजी. नळाचं आणि समुद्राचं मी सोडून दिलं. मला खरी काळजी लागली आहे ती हिची. दोन वर्षांनी माजघरातून अंगणात यायला मला हिचा हात धरावा लागेल, आणि वीस वर्षं मी हिच्याशी तुमच्या आवाजात बोललो आहे. ती हात देईल, ती तशीच आहे. तो धरल्यावर तिच्याशी कसं बोलायचं, ते मला येत नाही.