बटवड्यातलं शेवटचं घर

१९ मे

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि मुलं बरी असतील. तुला दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहिते.

आपली टपाल कचेरी सोमवारी बंद झाली. वरून आलेला साहेब म्हणाला, "या गावात आता पत्रं लिहितं कोण?" पोस्टमास्तरीणबाईंनी शिक्के पुसून पोत्यात भरले आणि खिडकी लावून घेतली. खिडकीच्या फळीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या कोपरांनी खळगा पडला आहे, तो मी हाताने चाचपून पाहिला. इमारत खताच्या गोदामाला देणार म्हणतात. तारेची खोली तर केव्हाच उंदरांची झाली होती.

जाता जाता साहेबाने कचेरीचा इतिहास विचारला. कुणी बांधली, केव्हा. कुणालाच सांगता येईना. गावाला एकच इतिहास ठाऊक आहे, आणि तो साहेबापुढे कुणी काढला नाही. पहिल्या पोस्टमनने एका बाईच्या हातात दारातच मृत्यूची तार दिली. ती उंबऱ्यावर कोसळली ती उठलीच नाही. तेव्हापासून तशी बातमी असली की पोस्टमन आधी प्यायला पाणी मागायचा. तांब्या भरेपर्यंत बाईला कळायचं. बाहेर यायची ती भिंत धरून. एरवी कितीही ऊन असो, इथल्या पोस्टमनने कुणाच्या दारचं पाणी मागितलं नाही. बाबांच्या टपालाच्या पिशवीत पत्रांखाली पाण्याची बाटली असायची, आठवतं? नळावर भांडण पेटलं की बायका म्हणायच्या, "तुझ्या दारी पोस्टमन पाणी मागो!" आपण पोट धरून हसायचो.

आईची तार येईपर्यंत.

तार शहरातल्या इस्पितळातून सकाळीच आली होती. बाबा गावभर पत्रं वाटून, सगळा बटवडा उरकून दुपारी आपल्या दारी आले आणि तुझ्याकडे पाणी मागितलं. तू तांब्या आणलास आणि त्यांच्या पायांवर ओतलास. "आधी घरी का नाही आलात?" ते म्हणाले, "आपलं घर शेवटी येतं."

तू त्यांच्याशी पुन्हा बोलला नाहीस. त्यांनीही घरात कधी पाणी मागितलं नाही. तापातसुद्धा स्वतः उठून माठापाशी जायचे. तू गाव सोडल्यावरचं हे आहे, तुला माहीत नसेल.

अलीकडे त्यांचं डोकं ठिकाणावर नसायचं. मला आईच्या नावाने हाक मारायचे. कचेरी बंद झाल्याचं मी सांगितलं नव्हतं. मंगळवारी मी दळण आणायला गेले, तेवढ्यात ते खाकी सदरा चढवून, रिकामी पिशवी खांद्याला लावून निघाले. भर उन्हात. आधी कचेरी, मग जुन्या क्रमाने एकेक घर. बाटली तेवढी घरीच राहिली.

दादा, त्यांना तहान लागली होती. बाकी काही नव्हतं.

मास्तरांच्या सुनेने त्यांच्या तोंडावर दार लावलं. लोहाराने भाता थांबवला आणि मागच्या बाजूने निघून गेला. कुणी म्हणालं, "आजोबा, चुकलात, हे घर नव्हे." ते "बरं" म्हणत आणि पुढच्या दारी जात. आपल्या शेजारची शिंपीणकाकू माझा हात सोडत नाही. "पाणी मागितलं गं त्यांनी. माझा मुलगा परगावी. मी कडी लावली आणि म्हटलं, देवा, पुढच्या दारी जाऊ दे."

पुढचं दार आपलं होतं.

ते काकूच्या ओट्यावर बसले. मला ते तिथेच सापडले, पिशवी मांडीवर धरून. तिथून आपलं दार दिसतं. माठ सकाळीच भरलेला होता.

संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी तांब्या घेऊन आलं. अंगणात ठेवायला जागा राहिली नाही. मास्तरांची सून म्हणाली, "आता काय उपयोग." ते तांबे अजून तसेच आहेत. कुणाचा कुठला ते ओळखू येत नाही, आणि न्यायलाही कुणी येत नाही.

इथे पेटी उरली नाही, तेव्हा हे पत्र शेजारच्या गावी जाऊन टाकीन. बाकी सगळ्यांना कळवून झालं. तुझं घर शेवटी आलं.

मी दारात उभी आहे असं समज. दादा, जरा प्यायला पाणी दे.

तुझी,
धाकटी