परमुलखातल्या शिकारीसाठी स्वस्तात हाफ लॉरी

रिग्गई, कुवेत
६ फेब्रुवारी १९९९

श्री. शैलेशराव यांस,

विजयकुमारचा वाळवंटातून नमस्कार, आणि विनितावहिनींनाही तो पोचता करावा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टर बदललात का? (ज्या डॉक्टरच्या दवाखान्याखाली त्याच्याच मेव्हण्याचं औषधांचं दुकान आहे, त्याच्याकडे गुडघा बरा होत नसतो, हे मी दिवाळीतच कळवलं होतं.) पुंडलिकबरोबर पाठवलेले तिळाचे लाडू मिळाले. एकोणीस निघाले. वहिनी एकोणीस लाडू भरतील हे मनाला पटत नाही. पुंडलिक म्हणतो, कस्टमवाल्याने एक चाखला. पण कस्टमवाला कधी एका लाडवावर थांबतो होय?

असो. तुम्ही फोनवर विचारलंत की क्षितिजा आणि आमची सलोनी इकडे कधी येणार. फोनवर सगळं बोलता येत नाही (तीन मिनिटांनंतर लाइनीत कुणीतरी श्वास घेतल्यासारखा आवाज येतो), म्हणून लिहितो. फॅमिली व्हिसाला कंपनीचा पगाराचा दाखला लागतो. त्यावर आमच्या साहेबाची, अबू फैसलची, सही लागते. ती सही पाच महिने झाली तरी मिळालेली नाही. सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

आणि अशात गेल्या शनिवारी साहेबानेच मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मी तिथेच सावध झालो. त्याला सीमेपलीकडे सौदीत ससाणा घेऊन सशांच्या शिकारीला जायचं होतं, त्याची स्वतःची गाडी गॅरेजमध्ये पडली होती, तेव्हा मी एखादी पिकअप (इथे तिला हाफ लॉरी म्हणतात) चांगल्या भावात भाड्याने ठरवावी आणि ती चालवत बरोबर यावं, अशी त्याची इच्छा. आता मला सांगा, मी वेल्डिंग तपासणारा इंजिनियर, त्यातून अंडंसुद्धा न खाणारा. मला शिकारीला कशाला न्यायचं? शिवाय माझा सौदीचा व्हिसा त्याने दोन दिवसांत आणून दिला. म्हणजे मला बाहेर काढायला दोन दिवस पुरतात आणि बायकोला आत आणायला पाच महिने पुरत नाहीत! कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मी ताडलं. पण सहीसाठी म्हटलं, चला.

रिग्गईतच मुस्तफा नावाच्या भटकळच्या माणसाचं गाड्या भाड्याने देण्याचं दुकान आहे. त्याने दिवसाचे बारा दिनार सांगितले. मी नवावर आणले. इतक्या सहज तो नवावर आला की मला घाम फुटला. मग मी गाडी तपासायला घेतली. दोन तास. ओरखडे एक्केचाळीस निघाले, ते करारावर नंबर घालून लिहिले आणि प्रत्येकापुढे त्याची सही घेतली. मध्येच टायर बदलले तर कळावं म्हणून पाचही टायरांच्या आतल्या बाजूला खडूने खुणा केल्या. (स्टेपनीलाही. स्टेपनीच्या बाबतीत माणसं फार बेरकी असतात.) मुस्तफा हात जोडून म्हणाला, "भाईसाब, गाडी किराये पे ले रहे हो, लड़की नहीं देख रहे." मी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात करारात तळाशी एक ओळ दिसली: बॉर्डरच्या कागदाचे पाच दिनार. म्हटलं, सापडलास बेट्या! नवावर का आला ते आत्ता कळलं. मी ती ओळ खोडली. तो काहीतरी सांगत होता, साब, ये कागज जरूरी है वगैरे. पण जरुरी नसलेला कागद जगात कुठल्या दुकानदाराने विकलाय?

गुरुवारी पहाटे निघालो. मी, साहेब आणि ससाणा. ससाण्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी होती, तरी तो माझ्याकडे बघतोय असं मला सारखं वाटत होतं. बॉर्डरवर साहेबाचे कागद बघितले, ठीक. माझे बघितले, ठीक. ससाण्याचेही कागद होते, तेही ठीक. मग अधिकाऱ्याने गाडीचा कागद मागितला. भाड्याची गाडी देशाबाहेर न्यायची तर मालकाचं परवानगीपत्र लागतं म्हणे. मी करार दिला. त्याने एक्केचाळीस ओरखडे शांतपणे वाचले आणि तळाशी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. शैलेशराव, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सही गेली, व्हिसा गेला, सगळं गेलं!

आणि साहेब हसायला लागला! अधिकाऱ्यालाही हसवलं त्याने. म्हणाला, चल, अलीकडेच बसू. (न रागावणाऱ्या वरिष्ठाइतकं भयंकर काही नाही.) मग सालमीच्या रस्त्याला आत वळून आम्ही चटई टाकली. ससाण्याने दोन चकरा मारल्या आणि रिकामा परत येऊन हाफ लॉरीच्या टपावर बसला. ओरखडा बेचाळीस. साहेबाने काटक्या पेटवून स्वतः चहा केला, माझ्यासाठी घरून वेगळी बांधून आणलेली खबूस (इथली रोटी) आणि डाळ काढली, आणि विचारलं, तू शुक्रवारी सुट्टीला खोलीत एकटा बसून काय करतोस? ऑफिसातले सांगतात, कुणाशी बोलत नाहीस. म्हणून म्हटलं तुला जरा बाहेर काढू.

मी भडाभडा सगळं बोललो. बायको, मुलगी, पाच महिने, सही. तो गोंधळला. म्हणाला, कसला दाखला? माझ्या टेबलावर असा कागद आलाच नाही.

आता तो कसा येईल? तो माझ्या खिशात होता. कागद साहेबाकडे जातो तो गुरुप्रसाद क्लार्कच्या हातून. हा गुरुप्रसाद कारण नसताना हसतो. त्याच्या हाती असला कागद द्यायचा? म्हणून मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, साहेब एकटा सापडेल तेव्हा हातात द्यावा, म्हणून पाच महिने जपला होता. साहेबाने बॉनेटवर ठेवून सही केली. न वाचता. (न वाचता का? पण ते असो.)

मुस्तफाला गाडी परत केली. टायर तेच होते. बेचाळिसावा ओरखडा मी दाखवला, तर तो म्हणाला, भाईसाब, आप बस जाओ.

वहिनींना नमस्कार, सलोनीला पापा. गुडघ्याला तिळाचं तेल लावा, पण ते समोर घाण्यावर काढून घ्या.

आपला,
विजयकुमार

ता. क. सही होऊन दोन दिवस झाले, पण मी क्षितिजाला कळवलेलं नाही. अर्जही भरलेला नाही. तुम्हाला खरं सांगतो, गुरुप्रसाद बिचारा सरळ माणूस आहे. क्षितिजाच्या गेल्या चार पत्रांत तिच्या शाळेचं गॅदरिंग आहे, नव्या मुख्याध्यापिका आहेत, सलोनीचा नाच आहे. व्हिसाचं काय झालं, हे एकाही पत्रात नाही. सही झाली असती तर तिला, येतेस का, असं विचारावं लागलं असतं. तेव्हा एवढं काम करा. सहज, दुसरंच काही बोलता बोलता, तिला यावंसं वाटतं का ते काढून घ्या. मी विचारायला सांगितलं हे कळू देऊ नका. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. २. शैलेशराव, तुम्ही दाखवणार, हे मला माहीत आहे. तेव्हा क्षितिजा, तूच सांग. नोकरी सोडावी लागेल, इथे उन्हाळा वाईट आहे, आणि माझा स्वभाव तर तू जाणतेसच. नाही म्हणालीस तरी मी कारण विचारणार नाही. पण येशील का गं?