उसनी म्हातारी

२ नोव्हेंबर, रविवार
नाकाचा बटाटा झालाय!
श्रीगोंद्याच्या क्लासमध्ये सरांनी सगळ्यांना एकच छापील चित्र दिलंय — कुण्या जुन्या चित्रकारानं रंगवलेली म्हातारी. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, सुरकुत्याच सुरकुत्या. तेलरंगात तिची हुबेहूब नक्कल करायची. जिला जमेल, तिला जिवंत माणूस समोर बसवून रंगवायला मिळणार. मला ते हवंय. लग्न झाल्यापासून घरात सगळ्यांच्या आवडीचं रांधतेय, एक गोष्ट तरी फक्त माझी हवी. माझी म्हातारी मात्र सर्दी झालेल्या कोंबडीसारखी दिसते.

५ नोव्हेंबर
जवसाच्या तेलाची बाटली अर्धी! रंगात घालायचं तेल सासूबाईंनी गुडघ्यांना चोळलं. वर मलाच ऐकवलं — जवसाची चटणी करतात, बाया रंगवत नाहीत. भागवत म्हणतो, टर्पेंटाइनच्या वासानं चहा गॅरेजात प्यायल्यासारखा लागतो. म्हटलं, मग नवऱ्यानं करावा चहा.

९ नोव्हेंबर, रविवार
म्हातारीला मी उगाच हसवलं होतं. सर म्हणाले, नकलेत आपलं डोकं चालवायचं नाही. खरवडलं.

१३ नोव्हेंबर
म्हातारी आज अगदी शेजारच्या बनुबाईसारखी दिसायला लागली. तेवढ्यात बनुबाईच आली. बराच वेळ बघून म्हणाली, "कोन गं ही? लई भांडकुदळ दिसती."

१५ नोव्हेंबर
जमली! नाक नाकासारखं दिसतंय. रंग अजून ओला आहे, म्हणून झाकलं नाही, ओसरीत टेकवून ठेवलंय. उद्या सरांना दाखवायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सत्यानाश.
सकाळी भागवतनं चित्र खोक्यात घालून स्कूटीला बांधून दिलं, मी बघितलंच नाही. क्लासमध्ये सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मूळ चित्रात कुंकू कुठाय? म्हातारीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू — खरंखुरं, करंड्यातलं, ओल्या रंगात रुतलेलं! मी पुसायला गेले तर तिचा पार मारुती झाला. सगळा क्लास खो खो हसला. सर म्हणाले, अजून महिनाभर नक्कलच करा.
घरी येऊन तोफ डागली. सासूबाई शांत. म्हणाल्या, घरातून चाललेल्या बाईला कुंकू न लावता कशी जाऊ द्यायची? मी ओरडले, ती चित्रातली आहे! आणि विधवा आहे, दिसत नाही?
त्या उठून आत गेल्या. मामंजींना जाऊन दोन वर्षं होतील, आणि मी कुणापुढं काय बोलले! फार वाईट वाटलं.

१७ नोव्हेंबर
बोलणं बंद. माझ्या ताटात भाकरी मात्र गरम पडली.

१९ नोव्हेंबर
दुपारी भागवत शेतावर गेल्यावर सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसल्या. दार लावून घ्यायला सांगितलं.
"सर न्हाई म्हनू दे. माझं काढ."
मी ब्रश उचलला. थोड्या वेळानं भिंतीकडं बघत हळूच म्हणाल्या, "कपाळ मोकळं ठिवू नको. चितरात कोन काय म्हननार?"
सर सांगतात, आधी चेहऱ्याचा आकार. मी आधी कुंकूच लावलं.