पुढच्या दाराची हाक

जालना,
दि. ११ डिसेंबर २००३

चि. रायभान यास,
गोपिकाअक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही मायलेकी सुखरूप आहोत. माझ्या भावजयीचे, जयवंताचे, गुडघे आता कसे आहेत? थंडी फार पडली आहे, तिला पहाटेचं पाणी भरू देऊ नकोस.

जालन्याहून जालन्याला पत्र आलेलं पाहून पोस्टमन हसेल. हसू दे. पण बातमीच अशी आहे की कुणाच्या तोंडी धाडायला मन घेईना. मला काम लागलं रे! म्हणजे काम तेच, कचऱ्याचंच. पण आता शिकून, निळा कोट अंगात घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून. दिवाळीपासून एका संस्थेचं प्रशिक्षण चालू होतं. ओला-सुका वेगळा करायचा, काचेला हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, तीनचाकी गाडी चालवायची. पहिल्या दिवशी गाडी मी सरळ गटारीत घातली. आता अशी वळवते की रिक्षावाल्यांनी बघत राहावं.

पण खरी गंमत पुढेच. आता उकिरड्यावर जायचं नाही, घरोघरी जाऊन कचरा घ्यायचा. शिकवणाऱ्या पुष्पाताईंनी शाळेची एक खोली घर म्हणून धरली, स्वतः घरधनीण होऊन आत बसल्या आणि म्हणाल्या, या कचरा न्यायला. तर आम्ही सगळ्याजणी खोलीला वळसा घालून मागच्या मोरीपाशी जाऊन उभ्या. ताई आत वाट बघतायत. शेवटी बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, मागं कुठं निघाल्या? दार इकडं हाय."

मग दारात उभं राहून हाक मारायची होती. कुणाचा आवाजच निघेना. माझी जोडीदारीण सगुणाबाई म्हणाली, "ताई, कुत्रं भुकू न्हाई म्हणून आम्ही गपगुमान जातो अन् जल्दी निघतो. हाक मारायची आदत कुठून राहील?"

मला तेव्हा घनसावंगीचं आपलं रान आठवलं. ज्वारीतल्या माळ्यावर उभी राहून मी पाखरं हाकलायचे, आणि तू पार ओढ्यापर्यंत गेलेला असलास तरी त्या आवाजावर परत यायचास. डोळे मिटले आणि तसाच सूर लावला, "कचराऽऽ द्या होऽऽ!" शाळेच्या लिंबावरच्या साळुंक्या उडाल्या, रायभान. ताईंनी कानांवर हात ठेवले. तेव्हापासून सगळ्याजणी हाक माझ्याकडून शिकतात. तुझी अक्का मास्तरीण झाली म्हण.

काल गल्ल्या वाटून दिल्या. मला मस्तगड आलं. तुझीच गल्ली.

मला रस्ता विचारावा लागला नाही. तुझे दाजी गेल्यावर मी भंगार वेचायला लागले, तेव्हा तू म्हणालास, "जालन्यात माझं नाव सांगू नको." नाही सांगितलं. पण येत होते. तुझ्या कोपऱ्यावरच्या कचराकुंडीवर, उजाडायच्या आत. जयवंताच्या गुडघ्यांच्या मलमाच्या नळ्या मला तिथेच सापडतात.

माझ्या भाचीच्या, बेबीनंदाच्या, लग्नाची पत्रिका आली नाही, ते आता काढत नाही. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या मांडवातले प्लास्टिकचे ग्लास मीच वेचले. तू दात घासत बाहेर आलास आणि म्हणालास, "बाई, त्या पत्रावळी बी उचल." उचलल्या. तोंड पदराने बांधलेलं होतं, आणि बोलले नाही, कारण आवाज तू ओळखला असतास. बुंदी चांगली झाली असणार. एकाही पत्रावळीवर उरलेली नव्हती.

त्या दिवशी फार रडले. आज आनंदात आहे, म्हणून लिहू शकले.

ताईंनी विचारलं, "गल्ली बदलून देऊ का?" शनिवारपर्यंत सांगायचं आहे. खरं म्हणजे तुला चालेल का, हेच विचारायला पत्र लिहायला बसले होते. लिहिता लिहिता मन पालटलं. आता विचारत नाही. गल्ली मी घेणार.

तेव्हा सोमवारी सकाळी येते. आमचा एक नियम आधीच सांगून ठेवते. डबा हातातून हातात द्यायचा. दाराबाहेर खाली ठेवलेला मी उचलणार नाही, भावाचा असला तरी. जयवंताला पायऱ्या उतरायला लावू नकोस. हाक ऐकून तूच ये.

तुझ्या पुढच्या दारी तोंड न बांधता उभी राहणारी,
तुझी थोरली बहीण,
गोपिका