दोन मीटर अठ्ठावीस

पंचवटी, नाशिक
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सविता,

भात झोडून झालं असेल. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? इथे सकाळी मैदानावर थंडी वाजते, मुली जॅकेट काढायला तयार नसतात. यशोदा वसतिगृहात रुळली. पोळी नको म्हणते, भात मागते, तुझीच बहीण.

तिला सोडायला आलीस तेव्हा म्हणालीस, "मॅडम, हिला लांबच्या पळण्यात घाला. आमच्याकडल्या पोरींना तेच जमतं." मी मान हलवली. ते वाक्य माझंच होतं, तुला पाठ झालेलं. तेव्हापासून मला चैन नाही.

फोन दोनदा हातात घेतला. पण तू मध्येच "जाऊ द्या मॅडम" म्हणाली असतीस आणि मी सुटले असते.

काल यशोदाची चाचणी घेतली. जागेवरून लांब उडी, दोन मीटर अकरा. तीस मीटरला तिने मोठ्या मुलींना मागे टाकलं. मग पाच फेऱ्या दिल्या, तर दुसरीतच थकली. धापा टाकत म्हणाली, "मॅडम, पयले मला कोनी धरत नाय, मंग पाय दगड होतात."

हेच तू चार वर्षं सांगत होतीस. आणि मी काय म्हणायचे? "डोंगरातली पोर, आणि दम नाही?" सगळ्या हसायच्या. तूही हसायचीस.

दमाचा प्रश्नच नव्हता. दहा-बारा सेकंदांत सगळी ताकद ओतून देणारे पाय होते तुझे. त्यांना मी पाच हजार मीटरच्या साडेबारा फेऱ्या मारायला लावल्या.

'तेव्हा मला कळलं नाही' असं लिहून इथेच थांबणार होते. ती ओळ तीनदा लिहिली, तीनदा खोडली. उठून गच्चीवर फिरून आले.

माझी पुतणी वेदिका आठवते? पुण्यात नोकरी करते आता. पळणं केव्हाच सोडलं तिने.

कळलं होतं, सविता. पहिल्याच दिवशी. तू पंधराची, अनवाणी, आणि टेपच्या दोन मीटर अठ्ठावीसवर उतरलीस. त्याच सकाळी वेदिकाची उडी एक चौऱ्याण्णव. शंभर मीटरला आपल्या केंद्रातून एकच मुलगी जाणार होती, आणि तिच्या वडिलांना, माझ्या दिरांना, मी शब्द दिला होता. तुझ्या चाचणीच्या कागदावर 'लांब पल्ला' लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. पेठच्या डोंगरातली मुलगी म्हटल्यावर सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

तो कागद सोबत पाठवते. खाली सही माझी आहे.

यशोदाला आजपासून शंभर मीटरमध्ये घेतलं आहे. पण तिने माझ्याच हाताखाली शिकावं का, ते तू ठरव. नको असेल तर दुसऱ्या एका सरांशी बोलून ठेवलंय. तिची उडी त्यांना सांगितली. तुझीही सांगितली.

पुढच्या रविवारी ती तुला फोन करेल. हे पत्र तिला वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझा कागद भरणारी,
मोहिनी देवरे